अकरा पोपट आणि दोन शेळ्या

माझ्या बहिणीच्या रुखवतातलं क्रोशाचं तोरण शेळीनं खाल्लं नव्हतं. ते मी उसवलं होतं.

एवढी दोन वाक्यं बोलायला मला त्रेचाळीस वर्षं लागली. आणि तीही मी आपणहून बोललो नाही. एका शेळीनं माझ्याकडून वदवून घेतली!

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि शांताअक्का अठराची. तिचं लग्न धर्मापुरीला ठरलं होतं. सोयरीक जुळवताना आमच्या वडिलांनी छाती फुगवून सांगितलं होतं, "पोरगी क्रोशा लई झाक करती." आता सांगितलं म्हटल्यावर दाखवणं आलं. म्हणून लग्नात रुखवताच्या पाटांवर मांडायला अक्का तोरण विणत होती. पोपटी दोऱ्याचं, अकरा पोपटांचं. दुपारी ती ओसरीवर बसायची. दोऱ्याचा गुंडा घरंगळू नये म्हणून तो पितळेच्या तांब्यात टाकायची, आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून तांब्यात गुंडा फिरल्याची खुडखुड ऐकत पडायचो. (ती खुडखुड मला अजूनही अधूनमधून ऐकू येते. माझी बायको सुमन म्हणते, कान तपासून घ्या.)

त्या दिवशी मला भोवऱ्याला जाळी, म्हणजे तो फिरवायची दोरी, हवी होती. अक्का पाण्याला गेली होती. तोरण खुंटीला टांगलेलं, आणि त्याचं शेवटचं टोक मोकळं लोंबत होतं. म्हटलं, हातभर घ्यावा, कुणाला कळतंय? पण क्रोशाची एक खोड आहे. टोक ओढलं की तो देत राहतो! हातभर आला, वावभर आला, एक पोपट शेपटीपासून चोचीपर्यंत उडून गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला मजा वाटली, पाचव्याला भीती वाटली, आणि भीतीपायी मी जे ओढत सुटलो ते अकराव्यालाच थांबलो. समोर पोपटी दोऱ्याचा हा एवढा ढीग! त्यातला जाळीपुरता मी कापून घेतला आणि उरलेला हरणीच्या पायाशी नेऊन टाकला.

हरणी ही अक्काची शेळी. आई मेलेलं करडू होतं ते, अक्कानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. ती अक्काच्या मागं मागं विहिरीपर्यंत जायची. त्या दिवशीही गेली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण ती बांधलेली होती.

"आई, तोरण शेळीनं खाल्लं!" मी बोंब ठोकली.

आईनं हरणीच्या पाठीत दोन घातल्या. वडिलांनी पुढच्याच बाजाराला तिला सिरसाळ्याला नेऊन विकली. अक्का शिवेपर्यंत तिच्या मागं गेली आणि परत येऊन चुलीपुढं बसली. तिनं माझ्याकडं तेवढं एकदा बघितलं.

लग्न झालं. रुखवतात शेवया, कुरडया, सगळं होतं. तोरणाची जागा रिकामी. अक्काच्या सासूनं, आत्याबाईंनी, नेमकं तेच विचारलं. आमच्याकडून उत्तर गेलं, शेळीनं खाल्लं. आत्याबाई मांडवातच म्हणाल्या, "बया! क्रोशा येतो म्हणं, अन् दाखवायची येळ आली की शेळीचं नाव सांगत्यात!"

हे वाक्य त्यांनी पुढं बरीच वर्षं जपून वापरलं. भाकरी करपली, "शेळीनं खाल्ली का?" मीठ कमी पडलं, "शेळीनं चाटलं का?" दर भाऊबीजेला मी ठरवून जायचो, की आज अक्काला खरं सांगायचं. अक्का ओवाळायची, ताटात पुरणपोळी वाढायची, तूप सोडताना "आनखी घे, बाळ्या" म्हणायची, आणि मी कबुलीजबाब पोळीबरोबर गिळून परत यायचो. (त्रेचाळीस दिवाळ्यांत माझं वजन का वाढलं, ते आता वाचकांच्या लक्षात आलं असेल.) अक्कानं पुन्हा क्रोशाची सुई हातात घेतली नाही. ओसरीवरच्या त्या दुपारीही पुन्हा आल्या नाहीत.

यंदा अक्कानं धर्मापुरीला नवं घर बांधलं. वास्तुशांतीचं आमंत्रण आलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. नव्या घराला नवी चौकट, नव्या चौकटीला तोरण! पोपटी दोऱ्याचं, अकरा पोपटांचं, आणि माझ्या हातचं. तोंडानं जे निघत नाही ते हातानं सांगावं.

"सुमन, मला क्रोशा शिकव."

सुमन भाकरी थापता थापता थांबली. "कावून? डागदरानं सांगितलं का?"

"अक्काला तोरण करायचंय. तिचं शेळीनं खाल्लं व्हतं ना…" म्हणजे बघा, बायकोलासुद्धा मी तीच थाप मारून ठेवली होती!

सुमननं शिकवायला घेतलं. साखळी, खांब, साखळी, खांब. नांगराचं रुमणं धरलेल्या हातात ती काडीएवढी सुई म्हणजे हत्तीनं मोहरी वेचण्यातला प्रकार. सरावासाठी घरच्यांना भेटी करायच्या ठरल्या. नातवाला टोपी विणली. ती त्याच्या मुठीवर बसली. माप वाढवून दुसरी विणली. ती दुधाच्या किटलीवर घट्ट बसली, अजून निघत नाही. लेकाला मोबाईलची पिशवी केली. तो तळाकडून बोट बाहेर काढून म्हणाला, "आबा, ह्याला खालून दार कावून ठेवलंय?" सुमनला पाण्याच्या माठावर रुमाल केला. तो चौकोनी सुरू झाला, मध्ये काय बिनसलं कळलं नाही, संपताना बीड जिल्ह्याच्या नकाशासारखा झाला होता. सुमननं तो माठावर टाकला आणि वरून ताटली ठेवली. (ताटलीखाली तो दिसत नाही. सुमन समजूतदार आहे.)

शेळ्या राखताना मी तोरण विणायला घेतलं. गुंडा तांब्यात. तांब्या शेतात नेताना बघून लोकांचा भलताच समज व्हायचा, तो वेगळाच त्रास! आमचा नामदेव, लहानपणापासूनचा दोस्त, बांधावर येऊन बसला.

"काय करायलास बे?"

"तोरण."

"मेंढरं राखनारे लोकर कातत्यात, तेवढं ठावं व्हतं. शेळ्या राखून पाखरं इनायची ही तुझी नवीच तऱ्हा." त्यानं पहिला पोपट उचलून उलटासुलटा केला. "बेडूक झाक झालाय."

"पोपट हाय."

"मग चोच कुठंय?"

"तू धरलीस ती."

"मला वाटलं तंगडी!"

दोन महिने मी उसवलं आणि विणलं. उसवताना प्रत्येक वेळी हरणी आठवायची, कारण उसवायला मला मुळीच शिकवावं लागलं नव्हतं. पण सातव्या पोपटापासून चोच जमू लागली. मान वाकडी असेल, पण पोपट म्हणून ओळखू येत होता. तांब्यात गुंडा फिरायचा आणि मला वाटायचं, आता मान वळवली तर शेजारी अक्का बसलेली असेल, अठरा वर्षांची. वळवली की शेळ्या असायच्या. अकरावा पोपट पुरा झाला तेव्हा मी नामदेवला दाखवला. तो नुसता म्हणाला, "पोपट हाय." मला इतका आनंद झाला की मी त्याला चहा पाजला.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी सुमननं सांगितलं, "आता खळ लावा. म्हंजी पोपट ताठ ऱ्हात्यात." साबुदाणा शिजवून त्याचं दाट पाणी करायचं, तोरण त्यात बुडवायचं आणि ताणून वाळवायचं. माझ्या पोपटांच्या माना लुळ्या, म्हणून मी खळ दुप्पट दाट केली. वर चमक यावी म्हणून चिमूटभर साखरही टाकली. (ही युक्ती माझी एकट्याची. सुमनला यात गोवू नये.) अंगणात बाजेवर तोरण पसरलं. अकरा पोपट उन्हात चकचकत होते. मी समाधानानं दाढी करायला गेलो.

परत आलो तर आमची राणी नावाची शेळी बाजेवर चारी पाय देऊन उभी होती आणि तिच्या तोंडातून पोपटी दोरा लोंबत होता.

"सुमन!" मी ओरडलो. "तोरण शेळीनं खाल्लं!"

आणि शब्द तोंडातून निघाल्याबरोबर मी जीभ चावली. तेच शब्द! अक्षराचा फरक नाही! त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ते खरे झाले होते आणि आता ते कुणाला सांगायची सोय नव्हती. अकरापैकी अडीच पोपट उरले होते.

दुसऱ्या दिवशी धर्मापुरी. पूजा झाली, पंगत उठली, पाहुणे बैठकीत टेकले. सुमननं फोनवर आधीच डांगोरा पिटला होता, त्यामुळे अक्का सगळ्यांदेखत म्हणाली, "बाळ्या, आण की तोरण. चौकट कवाची उघडी ठिवलीय तुझ्यासाठी."

मी पिशवीतून अडीच पोपट काढले.

"बाकीचं?"

"अक्का… शेळीनं खाल्लं."

कोपऱ्यात बाजेवर आत्याबाई पडून होत्या. आता पार थकल्यात, ऐकू कमी येतं, पण हे बरोबर ऐकू आलं. त्या कोपरावर उठून म्हणाल्या, "पुन्यांदा शेळीच का?"

अख्खी बैठक फुटली! जावई हसले, भटजी हसले, सुमनही पदर लावून हसली. अक्कासुद्धा हसत होती, आणि तिचं ते हसणं बघून मला पुढं बसवेना. मी उभा राहिलो.

"आत्याबाई, ह्या टायमाला शेळीनंच खाल्लं. पण त्या टायमाला मी उसवलं व्हतं. भोवऱ्याच्या जाळीसाठी. अक्काला क्रोशा येत व्हता, लई झाक येत व्हता. तिनं अकरा पोपट केलते, एकाचीबी मान वाकडी नव्हती. शेळीचं नाव मी सांगितलं. तुम्ही तिला जे जे बोललात ते माझं व्हतं. अक्का, माझं चुकलं. मला माफ कर."

एवढं बोलून मी रडायला लागलो. बावन्न वर्षांचा बाप्या, हातात अडीच पोपट.

अक्कानं मला खाली बसवलं. "मला तवाच कळलं व्हतं, येड्या."

"कसं?"

"खळ न लावलेल्या कोऱ्या दोऱ्याला शेळी कशाला तोंड लावती? अन् पोपटी जाळीचा भोवरा घिऊन तू माझ्या लग्नात मांडवभर फिरत व्हतास की!"

हे मात्र माझ्या ध्यानात कधीच आलं नव्हतं.

"मग बोलली कावून न्हाईस?"

"आईनं तुला सोलून काढलं असतं. मी तर चाललेच व्हते. जाताना कानात तुझं रडणं घिऊन जाऊ व्हय?" तिनं पदरानं माझे डोळे पुसले. "तू सांगशील म्हणून दर भाऊबीजेला वाट बघायची मी. तू नुस्ता पोळ्या खायचास."

आत्याबाईंनी सुनेला हातानं जवळ बोलावलं. मग म्हणाल्या, "येत व्हता तर दाव की इनून. मी काय आता लई दिस न्हाई."

सुमननं पिशवीतून सुई आणि उरलेला गुंडा काढला. अक्कानं इकडं तिकडं बघितलं, पूजेचा तांब्या ओढला, गुंडा त्यात टाकला आणि अर्धा पोपट मांडीवर घेतला. बोटं आधी अडखळली. मग तांब्यात खुडखुड सुरू झाली. मी डोळे मिटले. मांडीवर डोकं ठेवायचं वय राहिलं नव्हतं, म्हणून खांद्याशी टेकून बसलो. तिसरा पोपट पुरा झाला, ताठ मानेचा. अक्कानं आठवणीनं त्याला गाठ मारली.

"झाक हाय," आत्याबाई म्हणाल्या, आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

तीन पोपटांचं तोरण चौकटीला लागलं. निघताना अक्का दारापर्यंत आली. "बाळ्या, माझी माफी झाली. हरणीची ऱ्हायली. तिनं फुकट मार खाल्ला, फुकट बाजार बघितला."

"हरणी आता कुठली, अक्का?"

"राणी हाय ना. तिला माग."

घरी आल्याबरोबर मी गोठ्यात गेलो. कुणी बघत नाही याची खात्री केली आणि राणीपुढं हात जोडून उभा राहिलो. म्हटलं, "बाई, तुझ्या जातीवर मी त्रेचाळीस वर्षं खोटा आळ ठेवला. चुकलं माझं. तुझं कालचं सगळं माफ, माझं तेवढं तू माफ कर." राणीनं शांतपणे ऐकून घेतलं, आणि ऐकता ऐकता माझ्या नव्या आहेराच्या शर्टाची बाही चघळायला घेतली. मी ओढून घेतली नाही. कुठल्या तोंडानं ओढणार?

घरात गेलो तर सुमन म्हणाली, "अगं बाई, शर्टाची बाही कुठं गेली?"

मी खरं ते सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.