दस्तगीरच्या घरचं जेवण

शंकरचं कार्ड साताऱ्याला पोचलं तेव्हा दस्तगीरला जाऊन पाच दिवस झाले होते. ‘आपला दस्तगीर गेला. छातीत कळ आली,’ एवढंच. शंकर पलटणीतला, तेव्हा रजेवर गावी आलेला; पत्रात शब्द वाया घालवायची त्याला सवय नाही. मी ते कार्ड धरून शाळेच्या व्हरांड्यात बसून राहिलो... घंटा झाली तरी उठवेना.

आम्ही तिघे आष्ट्याचे, एका बाकावरचे. शंकर सैन्यात गेला, मी मास्तर झालो आणि दस्तगीरनं बापाचा कल्हईचा भाता हाती घेतला. गावाची भांडी लख्ख करणारा हा माणूस स्वयंपाकातही तरबेज. मित्र जमवायचे, चुलीपुढं स्वतः बसायचं आणि बायकोला म्हणायचं, आज तू पाहुणी. मी मात्र दरवेळी काहीतरी निमित्त काढून पानं मांडायच्या आधी सटकायचो. आमचं घर सोवळ्याओवळ्याचं. आईच्या नावावर खपवत होतो खरा, पण भीती माझीच होती.

दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या वर्षी माझी साताऱ्याला बदली झाली. शंकर रजेवर आला होता. दस्तगीरनं निरोपाचं जेवण ठरवलं. संध्याकाळी गेलो तर अंगणात दोन चुली. एकीवर मटण आणि दुसरीवर, पार लांब, कोऱ्या पितळी पातेल्यात आख्खा मसूर.

“मास्तर, ह्या भांड्यात अजून कायबी शिजलं न्हाई. कल्हई बी कालच केलीया,” तो म्हणाला.

लसणाच्या फोडणीचा वास अंगणभर होता. पोटात भूकही होती. आणि मी म्हणालो, “आज माझा उपवास हाय रं.”

दस्तगीर पळी धरून जरासा थांबला. मग बरं म्हणाला. रताळी उकडली, दूध तापवलं आणि माझ्यापुढं आणून ठेवलं. शंकरनं दोघांच्या वाटचा मसूर ओरपला. मी रताळ्याची सालं काढत बसलो, खाल्ली तीही अर्धीच.

पुढं सुट्टीत गावी गेलो की त्याच्याकडे जायचोच. जेवायचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. मी दारात दिसलो की सदरा चढवायचा आणि मला स्टँडवरच्या हॉटेलात चहाला न्यायचा. त्याला तिथला चहा आवडतो, असं मी धरून चाललो होतो. त्या खोट्याची कबुली द्यायचं मात्र चार वर्षं पुढच्या सुट्टीवर ढकलत राहिलो.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गेलो. माणसं पांगल्यावर त्याच्या बायकोपुढं, भाभींपुढं बसलो आणि सांगून टाकलं, की त्या दिवशी माझा उपवास नव्हता.

त्या म्हणाल्या, “ठावं हाय, मास्तर. तुमचे उपासतापास चुकवूनच त्यांनी दिस धरला हुता. शेजारच्या काकूंकडनं पंचांग बघून घेतलं हुतं.”

मग त्यानं मला विचारलं का नाही, मी म्हणालो.

“मी बी तेच म्हणलं. तर म्हणाले, खोटं बोलताना मास्तराला लई अवघड झालं. पुन्यांदा त्याच्यावर ती पाळी आणायची न्हाई.”

आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. डोळे पुसले आणि भाभींना म्हटलं, मला जेवायला वाढा. त्यांनी आमटी-भात वाढला. त्या घरातलं माझं ते पहिलं जेवण. सावकाश, पोटभर जेवलो... ते बघायला तो नव्हता.