खारट आमटीचं मंत्रिमंडळ

माझ्या मोठ्या जावेच्या हाती एखादं लहानसं राज्य आलं असतं, तर ते कुणाच्या बापाला बुडवता आलं नसतं, हे मी लेखी द्यायला तयार आहे. दिरांच्या नोकरीपायी त्या ब्रेडा या डच शहरात आल्या, दोन वर्षं घरी बसून कंटाळल्या आणि एके दिवशी थेट मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात पीएचडीला जाऊन बसल्या. विषय काय, तर पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीतले लेखक राजांना सल्लागार कसे निवडायला सांगत. तो विषय वहिनींच्या अंगात जो संचारला, तो भाजी चिरतानाही उतरेना. आम्ही आमच्या उइटहॉर्नहून रविवारी त्यांच्याकडे गेलो की मी कोट काढायच्या आत सुरुवात. शत्रूपेक्षा तोंडपुज्यांना राजाने जास्त भ्यावं. मोजक्या शहाण्यांना खरं बोलायची मुभा द्यावी, पण तीही विचारलं तरच. सगळ्यांनाच दिली तर राजाचा मान राहत नाही. एकदा तर त्यांनी परीक्षा म्हणून आमटीत मुद्दाम दुप्पट मीठ घातलं. दिरांनी झकास म्हणत दोन वाट्या संपवल्या आणि त्यांचं मंत्रिपद जागच्या जागी गेलं. माझा नवरा नुसताच पाणी पीत राहिला, तो काठावर पास. आमटी खारट आहे, असं मी म्हणाले आणि सल्लागार झाले.

ते पद वाटलं तितकं गमतीचं नव्हतं. प्रबंधाच्या जाहीर परीक्षेआधी घरच्यांनाही कळेल असं दहा मिनिटांचं भाषण करायचं होतं. आठवडाभर आधी वहिनींनी ते आम्हाला वाचून दाखवलं. दिरांनी आणि नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. वहिनी माझ्याकडे वळल्या.

"तू सांग."

"वहिनी, मला झोप येत होती," मी म्हणाले. "यात तुम्ही कुठेच नाही."

त्या कागद मिटून आत गेल्या. पुढे तीन दिवस त्यांचा फोन नाही, मग कामापुरते दोन शब्द.

परीक्षेच्या दिवशी वहिनी उभ्या राहिल्या, कागद बाजूला ठेवले आणि ओट्याशी सांगतात तशा सांगू लागल्या, हातवारे करत, राजांच्या आणि तोंडपुज्यांच्या नकला करत. काळे झगे घातलेले गंभीर प्राध्यापक खदखदून हसायला लागले, दीर तर खुर्चीतून उठलेच. वहिनी डॉक्टर झाल्या.

संध्याकाळी नदीकाठी चालताना त्या हळूच म्हणाल्या, "खरं बोलणारा कसा शोधायचा, ते त्या लोकांनी पानंच्या पानं लिहिलंय गं. ते ऐकून राजा आत जाऊन रडतो, तेव्हा काय करायचं, ते कुणी लिहिलेलं नाही."

त्या हसत होत्या. मी त्यांचा हात धरला. त्या तीन दिवसांत फोन तर मीही केला नव्हता.