नाव घ्या, घरातलं

"नाव घ्या," असं म्हणून ते चष्मा काढायचे आणि टेबलावर उलटा ठेवायचे. चष्मा उलटा पडला की समजायचं, आता उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही.

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात ते टेस्टिंगचे साहेब होते. आम्ही रॉकेटच्या इंधनाचे वॉल्व बनवतो. "साहेब, धोका अगदी थोडा आहे," असं कुणी म्हटलं की ते विचारत, "रॉकेटात कोण बसलंय? नाव घ्या. घरातलं."

असेंब्लीतल्या बायका हसायच्या. "साधं घेऊ की उखाण्यात?"

"कसंही घ्या. पण घरातलं."

घाईची सही मागायला ज्याच्यापुढे पाय उचलत नाही, असा एखादा साहेब तुम्हीही पाहिला असेल. मी जवळच्या जांभूळ गावचा, आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. डिग्री अभिमानाने सांगतो. यांच्या हाताखाली शिकलो, हे त्याहून अभिमानाने.

मग ती निवड आली. माणसं अवकाशात न्यायला आमच्या गिऱ्हाईक कंपनीसमोर दोन रॉकेटं होती. एक जुनं, महाग, खात्रीचं. दुसरं नवं, बरंच स्वस्त. जुन्यात प्रत्येक वॉल्वला जोडीदार. एक अडला तर दुसरा उघडणार. नव्यात एकच. वॉल्व दोन्हींचे आमचेच, पण नवं ठरलं तर ऑर्डर मोठी. शेठनी त्या भरवशावर नवीन मशीनही उतरवून घेतलं होतं. आता सगळं आमच्या टेस्ट रिपोर्टवर अडलं होतं.

आणि नवा वॉल्व गारठवून तपासताना एकदा अडखळला. पापणी लवेल एवढाच. नंतर दिवसभर नीट चालला.

शेठ सिंधी, उल्हासनगरहून तडक आले. "साईं, एकदाच ना? उपग्रहांच्या रॉकेटात हाच जातो, कोण ओरडतो का? रिपोर्टमध्ये कशाला लिहायचं? मशीन परत जाईल, पोरं घरी बसतील."

"उपग्रहाला आई नसते, शेठ."

"अरे यार, गॅरंटी कशाची असते?"

"कशाचीच नसते. म्हणून लिहायचं. स्वस्त की महाग, ते त्यांना बघून ठरवू दे."

चष्मा टेबलावर उलटा झाला. "नाव घ्या."

शेठना एकच मुलगी. आम्ही सगळे खाली बघत होतो. शेठ निघून गेले. साहेबांनी रिपोर्ट होता तसा पाठवला.

जुनं रॉकेट ठरलं. मशीन परत गेलं, काही पोरं खरंच घरी बसली. साहेब रिटायर होऊन मुदतवाढीवर होते. ती पुढे वाढली नाही. शेवटच्या दिवशी डबा पिशवीत घालत मला म्हणाले, "शेठवर राग नको धरू. पगार त्यालाच करायचेत." बदलापूरला घरी गेले, ते पुन्हा या गेटातून आत आले नाहीत.

परवा जुन्या रॉकेटचा एक वॉल्व गारठ्यात असाच अडखळला. मी शेठना बोलावलं. 'जोडीला दुसरा आहेच की,' हे त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. ते साहेबांच्या रिकाम्या टेबलाशी थांबले. मग अगदी हळू, स्वतःशीच, त्यांनी मुलीचं नाव घेतलं.

"पूरा लॉट थांबव," म्हणाले.