अर्धा टायर पाणी

संयोगितावहिनींना आमच्या तिन्ही वाड्यांत कुणी नावानं हाक मारत नाही. "दुधाची गाडी आली का?" असं विचारायचं, आणि गाडी आली म्हणजे वहिनी आल्या. त्यांचा नवरा विजयसिंह माझा वर्गमित्र. पाच वर्षांपूर्वी दुधाचे कॅन उचलता उचलता त्याच्या कमरेचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं कायमचं बंद केलं. पिकअपला गिऱ्हाईक शोधायला मीच निघालो होतो. तेवढ्यात वहिनींनी किल्ली पदराला बांधली आणि दोन-तीन महिन्यांत लायसन काढून आणलं. पहिल्याच आठवड्यात चढावर त्यांची गाडी बंद पडली, तेव्हा हसायला जमलेल्यांत मी सगळ्यांत पुढं होतो. मी केरबा, दूध संस्थेचा सचिव. हसणं आणि सल्ले देणं ही दोन कामं मी पगाराशिवाय करतो.

आमच्या वाड्या राधानगरीच्या वरच्या अंगाला, ओढ्यापलीकडं. ओढ्यावर पूल नाही, फरशी आहे. म्हणजे पाण्याला जवळजवळ टेकलेला सिमेंटचा बुटका रस्ता. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून जातं. किती जातं हे बघायला तिथं खुणेचा खांब कधीच नव्हता. आमचा खांब म्हणजे दुधाची गाडी. सकाळी सातला मोटरसायकली, माणशी भाडं घेणारी वडापची जीप, शाळेची पोरं सगळी काठावर थांबलेली असायची. वहिनी यायच्या, पुढचं चाक पाण्यात टेकवायच्या, खाली उतरून बघायच्या. पाणी अर्ध्या टायरच्या आत असलं तर गाडी जायची, आणि गाडी पाणी कापत गेली की तिच्या मागं धरून बाकीचे जायचे. ती थांबली तर सगळे थांबायचे. हे कुणी ठरवलं नव्हतं. विजयसिंहचे वडील गाडी चालवायचे तेव्हापासून असंच चाललेलं.

गेल्या पावसाळ्यात गाडी नऊ दिवस थांबली. नऊ दिवसांचं दूध पलीकडं गेलं नाही. यंदा मे महिन्यात दूध संघाचं पत्र आलं: पावसाळ्यात एक जरी खाडा पडला तर हा रूट दुसऱ्या गाडीला देण्यात येईल. पत्र मीच वाचून दाखवलं. विजयसिंह भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. वहिनींनी पत्र माझ्या हातातून घेऊन पुन्हा स्वतः वाचलं.

"रूट गेला तर गाडी काय दारात पुजायला ठिवू?" त्या म्हणाल्या. "भावजी, कायतरी सांगा की."

मला एवढंच पाहिजे होतं. मोबाईलवर उंच केलेल्या गाड्यांचे व्हिडिओ मी महिनाभर बघत होतो. चिखल उडवत, नदी तुडवत जाणाऱ्या गाड्या. म्हटलं, "वहिनी, गाडी उंच करायची. लिफ्ट किट आणि मोठे टायर. मग ओढा कितीबी येऊ दे."

दुसऱ्या दिवशी आम्ही गडमुडशिंगीजवळ प्रभुलिंग मिस्त्रींकडं गेलो. हा माणूस सीमेकडचा, पाट्यांच्या कामात नावाजलेला. गाडीचं वजन ज्या पोलादी पाट्यांवर बसतं, त्यांचा दम तो नुसत्या ठोक्याच्या आवाजावरून ओळखतो म्हणे. मी ऐटीत मोबाईल पुढं केला. सहा इंच उंची, आणि हातभर रुंद टायर. मिस्त्रींनी फोटो बघितला आणि मोबाईल परत दिला.

"पावणं, ह्ये फिरायच्या गाडीचं हाय. ह्यात दूध न्हाय जायाचं." मग माझ्याकडं पाठ करून ते वहिनींशीच बोलायला लागले. "अक्का, कॅन कोण चढवतं?"

"मीच की. दोन वाड्यांत ओटा हाय, तितनं सरकवते. तिसऱ्या वाडीत उचलाय लागतं. वीस लिटरचा हाय."

मिस्त्रींनी गाडीच्या मागच्या चाकांखाली लाकडी ठोकळे सारले, दोन इंचांचे. वीस लिटरच्या कॅनात पाणी भरलं आणि म्हणाले, चढवा. वहिनींनी पदर खोचला, कॅनला गुडघ्याचा टेकू दिला आणि हौद्यात ठेवला. मग तीन इंच. तोही ठेवला. चार इंचांना कॅन फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराच्या, काठावर अडकला आणि वहिनींचे हात थरथरायला लागले. मी पुढं धावलो तर मिस्त्रींनी मला हातानंच अडवलं. वहिनींनी दात-ओठ खाऊन कॅन आत ढकलला, पण तिथंच हौद्याला टेकून उभ्या राहिल्या.

"रोज पाटं पाचला, पावसात, ह्ये असं हुईल काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"न्हाय व्हनार."

"मग तीन."

माझे सहा इंच तिथंच निकालात निघाले. टायरच्या बाबतीतही तेच. रुंद टायर पाण्यात गाडीला तरंगवायला बघतो, म्हणून मिस्त्रींनी उंच पण अरुंद टायर निवडला. चाक पूर्ण वळवून बघितलं, मडगार्डला घासतं का ते पाहिलं, एक नंबर कमी केला, पुन्हा बघितलं. ब्रेक दाबायला लावले. मोठ्या टायरला गाडी थांबायला जास्त जागा लागते, हे वहिनींकडून तीनदा वदवून घेतलं. माणूस टायर विकतोय की मुलगी देतोय, असं मला वाटायला लागलं होतं.

संध्याकाळी किल्ली देताना ते म्हणाले, "एक ध्यानात ठिवा, अक्का. आता अर्धा टायर म्हंजे पयला अर्धा टायर न्हवं. गाडी उंच झाली, वढा हाय तितकाच हाय."

वहिनींनी मान डोलावली. मी घड्याळ बघितलं. मला घरी जायची घाई होती.

जुलैत पाऊस लागला आणि आमची गाडी गाजली. आधीच्या हिशेबानं थांबावं लागलं असतं असे तीन दिवस वहिनी सहज पार गेल्या. मीही चहाच्या टपरीवर "सल्ला कुणाचा?" म्हणून चारदा विचारून घेतलं. मागून येणारी वडापची गाडी आणि मोटरसायकली भिजत-खोकत का होईना, पार होत होत्या. मोटरसायकलवाल्यांचे पाय आता नडगीऐवजी गुडघ्यापर्यंत भिजत होते, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आमचं लक्ष टायरवर. एका वहिनींचं सोडून. चौथ्या दिवशी काठावर थांबून त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मोठ्यानं ओरडल्या, "आज मागं कुनी येऊ नका! पानी चढलंय! म्या एकटीच जाते!"

मी ऐकलं. खोटं कशाला बोलू? अगदी स्वच्छ ऐकलं. पण ते बाकीच्यांना आहे असं मला वाटलं. माझ्यामागं स्कूटरवर माझी मुलगी क्रांती बसलेली, दहावीत, शाळेत चाचणी परीक्षा. आणि गाडी तर निघाली होती. पाणी अर्ध्या टायरलाच लागलं होतं. मी स्कूटर तिच्या मागं घातली.

दहा हात जाईपर्यंत बरं चाललं. मग गार पाणी मांडीला लागलं. पायाखालच्या फळीवरून ते नुसतं ढकलत होतं. हॅंडल माझ्या हातात असून माझ्या ताब्यात नव्हतं. इंजिन दोनदा गुरगुरलं आणि बंद पडलं. स्कूटर तिरकी व्हायला लागली, फरशीच्या मोकळ्या कडेकडं. क्रांती किंचाळली. मी दोन्ही पाय टेकले, तर पायाखालून फरशी ओढून घेतल्यासारखं झालं.

वहिनींनी आरशात बघितलं असणार. समोरचे लाल दिवे लागले. पुढं जाऊन काठ गाठणं त्यांना सोपं होतं, पण गाडी थांबली. मग पांढरा दिवा लागला आणि एवढ्या पाण्यात ती पिकअप उलटी, इंच-इंच मागं यायला लागली. हॉर्न एकसारखा वाजत होता. माझ्यामागून वडापवाला पाण्यात उतरत होता, त्याच्यासाठी तो हॉर्न होता. तो थबकला.

फाळका हातभर अंतरावर आला. मी स्कूटर सोडली. ती लगेच गेली. कुठं गेली हे मी बघितलं नाही. क्रांतीला कमरेला धरून वर उचललं, पण तिचे हात फाळक्याच्या काठापर्यंत पोचेनात. तीन बोटांचं अंतर राहिलं. गाडी उंच केली होती ना! मीच सल्ला दिला होता. माझ्या जन्मात मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो नसेन, "वहिनी, हात द्या!"

"सुटत न्हाय मला!" आतून आवाज आला. "पाय काढला की गाडी बंद पडंल! साखळी धरा! पोरीला साखळी धराय लावा!"

फाळक्याच्या बाजूला साखळी लोंबत होती. क्रांतीनं ती धरली, माझ्या खांद्यावर पाय दिला आणि कॅनांवर जाऊन पडली. मी दोन्ही हातांनी साखळीला लटकलो. मला वर चढता आलं नाही. "धरलंय!" म्हणून मी ओरडलो आणि गाडी पुढं सरकली. ओढा मला एका बाजूनं ओढत होता, गाडी दुसऱ्या बाजूनं. वर क्रांती माझं मनगट पकडून रडत होती. चिखल पायाला लागला तेव्हा मी साखळी सोडली आणि तिथंच बसलो.

वहिनी खाली उतरल्या. मला वाटलं, आता दोन कानाखाली बसणार, आणि मला ते हवंच होतं. त्यांनी क्रांतीला खाली घेतलं, आपली शाल तिच्याभोवती गुंडाळली आणि तिला पुढं केबिनमध्ये बसवलं. मला फक्त म्हणाल्या, "म्या सांगितल्यालं की वो, भावजी." त्यांचा आवाज रडवेला होता. दूध त्या दिवशी वेळेत पोचलं. रूट शाबूत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी चार बोटं उतरलेलं. क्रांतीला ताप होता म्हणून मी एकटाच, चालत काठावर गेलो. आणि काय सांगू, काठावर पुन्हा तेवढ्याच मोटरसायकली. वडापवाला इंजिन चालू ठेवून बसलेला. काल काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. पण कामं होती, शाळा होती, आणि गाडी जाणारच होती.

वहिनी आल्या. चाक पाण्यात टेकवलं, उतरल्या, बघितलं. पाणी अर्ध्या टायरला चार बोटं कमीच होतं. मग त्यांनी मागं वळून काठावरच्या माणसांकडं बघितलं. एकेकाकडं. त्या परत गाडीत बसल्या, गाडी मागं घेतली आणि रस्त्यावर आडवी लावली. इंजिन बंद केलं.

"अहो वहिनी, तुमची आरामात जाती की!" वडापवाला ओरडला.

"जाती," त्या म्हणाल्या.

"मग?"

त्या खाली उतरून गाडीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. आठ वाजता संघातल्या साहेबांचा फोन आला. वहिनींनी स्पीकर लावला. साहेब म्हणाले, काल एवढं पाणी असताना आलात, आज कमी आहे म्हणतात, मग गाडी का थांबली? खाडा पडला तर माझ्या हातात काही राहणार नाही, तुम्हाला माहीत आहे.

मी पुढं झालो. म्हटलं, सांगून टाकतो, गाडी बिघडली म्हणून. सचिवाचा शब्द कोण खोटा म्हणणार? वहिनींनी माझा हात बाजूला केला.

"गाडी ठणठणीत हाय, साहेब. आत्ता जाईल. पर ही मागची मानसं ऱ्हात न्हाईत. सांगून बघितलं म्या."

"अहो, ती तुमची जबाबदारी नाही."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मला खाली बघावं लागलं.

"रूट कुनाला द्यायचा त्यास्नी द्या," त्या म्हणाल्या. "फकस्त नव्या ड्रायव्हरला एवढं सांगा, साहेब. हितली मानसं तुझं टायर बघून पान्यात उतरत्यात."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि कॅनांवर ओलं पोतं टाकायला हौद्याकडं गेल्या. साहेब "हॅलो, हॅलो" करत होते. मागं वडापवाल्यानं इंजिन बंद केलं.