अमावस्येचं दूध

मी ईरण्णा, मूळचा लोहाऱ्याकडचा. ऐंशी सालाच्या आसपास मी दूध संघाची जीप चालवायचो. कळंबच्या बाजूची गावं फिरायची, भरलेले कॅन उचलायचे आणि ऊन चढायच्या आत शीतकेंद्रावर पोचवायचे. उशीर झाला की दूध नासायचं, आणि त्याच्या आधी माझं डोकं. त्यामुळं मला थांबायला लावणारा माणूस मला शत्रूच वाटायचा. पिराजी पहिल्या दिवशी तसाच वाटला.

पिराजी सोसायटीचा नवा टेस्टर. बौद्ध वस्तीतला, मॅट्रिक झालेला, उस्मानाबादला जाऊन फॅटचं मशीन शिकून आलेला. बहात्तरच्या दुष्काळानंतर काही वर्षांनी गावानं दूध सोसायटी काढली तेव्हा हे काम शिकायला दुसरं कुणी तयार होईना. तेजाबाला सगळे भ्यायचे. काचेच्या नळीत तेजाब घ्यायचं, त्यावर दूध, बूच लावून नळी मशीनमध्ये ठेवायची आणि दांडा फिरवायचा. नळीत वर पिवळी रेघ दिसते, ती फॅट. पहिल्या महिन्यातच पिराजीच्या शर्टाची चाळण झाली. बाया भांडायला उठायच्या, "आमची म्हस सरकी खाती आन तुझं मशीन म्हनतंय पानी हाय!" पिराजी नळी उजेडात धरून दाखवायचा. तो कधी चिडला नाही. त्याच्या वाटचं मीच चिडून घ्यायचो.

गावानं त्याला चालवून कसं घेतलं, हे मला उशिरा उमगलं. नमुन्याचं दूध तेजाबात जळायचं आणि गटारात जायचं. कॅनमध्ये दूध ओतायचं माप दगडोबाच्या हातात, म्हणजे गावातल्या एका जुन्या शेतकऱ्याच्या. पिराजीचा हात लागलेलं दूध कुणाच्या पोटात जायचंच नाही. सोय मोठी नामी होती.

त्याची आई मालनबाई रोज भाकरी घेऊन यायची आणि लिंबाखाली उभी राहायची. घरी एक म्हैस होती, दूधही चांगलं दाट, पण ती काय, वस्तीतलं कुणीच डेअरीला दूध घालायचं नाही. एकदा मी विचारलंच.

"आमचं दूध त्या कॅनात पडलं आन उद्या कुनी दूधच घातलं न्हाय तर?" ती म्हणाली. "माझ्या लेकराचं मशीन बंद पडंल. नगं बाबा."

पिराजी घरी तिला किती वेळा सांगायचा. ती नुसती मान हलवायची. अख्ख्या गावाचं दूध तपासणाऱ्या पोराला वर्षभर आईच्या म्हशीचं दूध काही नळीत घेता आलं नाही. मला याचं फार वाईट वाटायचं.

अमावस्येला गावात कुणी दूध विकत नाही. आमच्याही घरी विकत नव्हते, तेव्हा मला हसायला जागा नव्हती. पण शीतकेंद्रावर नवे साहेब आले आणि त्यांना रिकामी जीप बघवेना. पुढच्या अमावस्येला या गावातून थोडं तरी दूध आलं नाही, तर तिथला फेरा कायमचा बंद, असं त्यांनी सांगितलं. फेरा बंद म्हणजे सोसायटी बंद आणि पिराजीची नोकरीही. त्याला लागून तेव्हा वर्ष भरत आलं होतं. गावात बैठक झाली. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि प्रत्येकानं दुसऱ्याकडं बघितलं.

अमावस्येच्या सकाळी मी आपला सवयीनं हॉर्न वाजवला. दगडोबाही आला नव्हता. पण पिराजीसमोर रांग होती. मालनबाई पुढं, मागं वस्तीतल्या बाया, कुणाकडं तांब्या, कुणाकडं चरवी. धम्म घेतल्यापासून वस्तीनं अमावस्या पाळायची सोडली होती. गावाचं दूध घरात अडलं त्या दिवशी यांचं मोकळं होतं. पिराजीनं एकेकीची नळी लावली आणि दूधही स्वतःच ओतलं. कॅन अर्ध्याच्या वर गेला.

"आजच्यापुरतं," मालनबाई मला म्हणाली. "उद्या त्येंचं त्येंनी घालावं."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो. फेरा कुणाच्या दुधानं वाचला, हे गावभर झालं होतं. रांग मात्र रोजच्यासारखी लागली होती. मालनबाई लिंबाखाली, हातात फक्त भाकरी.

दगडोबानं माप खाली ठेवलं. "मालनबाई, दूध कुठं हाय?"

"घरी हाय."

"मग आना की."

ती जागची हलली नाही. तिनं रांगेकडं बघितलं.

"दुष्काळात खडी फोडाय एकाच ढिगावर बसलो व्हतो," दगडोबा म्हणाला, आणि ते तिला कमी, रांगेला जास्त होतं. "तवा न्हाय कुनी इचारलं. जावा, आना."

दोघी-तिघींनी किटल्या उचलल्या आणि घरची वाट धरली. बाकीच्या थांबल्या. मीही थांबलो. त्या दिवशी मी घड्याळाकडं बघितलं नाही.

मालनबाई चरवी घेऊन आली. पिराजीनं चरवीतलं दूध नळीत घेतलं. त्यानं बूच लावलं आणि दांडा धरला. इकडं दगडोबानं तिचं दूध मापून सगळ्यांच्या दुधावर ओतलं. मालनबाई पुढं झाली आणि वाकून कॅनमध्ये बघत राहिली.

"काय बघताय?" दगडोबानं विचारलं.

"ह्यात माझं कुठलं, वळखू येईना," ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पिराजी भिंतीकडं तोंड करून उभा होता. दांडा थांबवायची वेळ केव्हाच होऊन गेली होती, तरी तो फिरवतच होता.