विषय : परत येण्याबाबत

सावर्ड्याच्या नाक्यावर मला निरोप द्यायला वाडीतली एकोणीस माणसं आली होती. सगळी एका पिकअप टेंपोच्या हौद्यात उभी राहून. मध्ये माझ्या दोन बॅगा आणि त्या बॅगांवर ठाण मांडून बसलेली शेवंती आत्या. "बॅग उडून गेली तर इंग्लंडात काय नेसनार ही?" असं तिचं म्हणणं. मुंबईची गाडी पाऊण तास उशिरा आली, आणि तेवढ्या वेळात निरोपाची भाषणं झाली. खरंच झाली, हायवेच्या कडेला, बाजूने ट्रक जात असताना. आमच्या बौद्धवाडीत भाषणाशिवाय काही पार पडत नाही. मंडळाचे अध्यक्ष नाना बोलले, चिटणीस रमाकाका बोलले. नानांचं अर्धं भाषण एका टँकरच्या हॉर्नमध्ये गेलं, तर त्यांनी ते पहिल्यापासून पुन्हा केलं.

बाबा सगळ्यांच्या मागे उभे होते. ते जांभ्या दगडाच्या चिरेखाणीत काम करतात. मशीनच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण कमी बोलतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि आता तर पाण्याच्या व्यवस्थापनातलं एमएस्सी करायला थेट परदेशी. त्यांना काय बोलावं कळत नसणार. गाडी आली तेव्हा बॅग वर चढवताना ते एवढंच म्हणाले, "काय कमी पडलं तर कळव."

कमी पडलं. मी कळवलं नाही. ही सगळी गोष्ट एवढ्याचीच आहे.

हे लिहावं की नाही, मला अजून नीट ठरवता येत नाही. पण माझ्यासारखे जे तिकडे आहेत आणि घरी "मस्त चाललंय" म्हणून सांगतायत, त्यांच्यासाठी लिहिते. आणि ते फोनवर ऐकून इकडे विश्वास ठेवणाऱ्यांसाठीही.

उत्तर इंग्लंडातल्या त्या शहरात आम्ही चौघी एका घरात राहायचो. फीचा मोठा भाग शिष्यवृत्तीतून गेला होता. राहण्याखाण्याचं मी काम करून भागवायचं, असं ठरलं होतं. कागदावर ते भागतही होतं. पण विद्यार्थ्यांना कामाचे तास मोजून मिळतात, आणि सकाळी मोबाइलवर "आजची शिफ्ट रद्द" असा मेसेज आला की हिशेब कागदापुरताच राहतो. घरात विजेचा मीटर होता, आधी पैसे भरा आणि मग वीज वापरा असा. आम्ही हीटर दिवसातून एक तास लावायचो. माझी खोलीतली मैत्रीण गुरलीन लुधियानाची. ती म्हणायची, "एवढी थंडी मला माहीत आहे, पण आमच्याकडे थंडीत परोठे असतात." दुकानात संध्याकाळी उरलेल्या मालावर उतरवलेल्या किमतीची पिवळी चिठ्ठी लावतात. कुठल्या दुकानात ती किती वाजता लावतात, हे आमचं दोघींचं खरं संशोधन.

मी एका हॉटेलच्या लाँड्रीत काम घेतलं. दुसरी कामं नव्हती असं नाही, पण तिथे ऊब होती. मोठमोठ्या यंत्रांतून गरम चादरी बाहेर यायच्या आणि घडी घालायच्या आधी मी त्या क्षणभर पोटाशी धरायचे. घरी मात्र मी सांगितलं होतं की युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात काम करते. एकदा बोलून गेले आणि मग ते वाढतच गेलं. आई विचारायची, "टेबल-खुर्ची हाय काय गो?" मी म्हणायचे, "हो, फिरती खुर्ची आहे." एकदा व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, "घरात कोट कशाला घातलायस?" मी म्हटलं, "आये, इथे फॅशन आहे." तिने शेजारी बसलेल्या आत्याला तसंच्या तसं सांगितलं. "घरात कोट घालायची फॅशन हाय तिथं." आत्या म्हणाली, "मोठी मानसं."

डिग्री मिळाली. राहायचं तर मोठी फी भरून व्हिसा वाढवायचा आणि मग व्हिसाला पाठिंबा देणारी कंपनी शोधायची. मी सत्तर-ऐंशी ठिकाणी अर्ज केले असतील. बहुतेकांची उत्तरं इतक्या लवकर आली की कुणी माणसाने ते वाचले नसावेत. गुरलीन म्हणाली, राहू या, होईल काहीतरी. ती राहिली, आणि मी तिला चूक म्हणणार नाही. तिच्या आयुष्याचं गणित मला माहीत नाही.

त्याच दिवसांत चिपळूणमधल्या एका लहानशा संस्थेची जाहिरात दिसली. गावोगावचे झरे आणि विहिरी मोजायच्या, कुठल्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, मुरलेलं पाणी खाली कुठे फुटतं ते शोधायचं, आणि गावाबरोबर बसून ते उन्हाळ्यापर्यंत कसं टिकेल ते बघायचं. मी कुणाला न सांगता अर्ज केला. मुलाखत व्हिडिओवर झाली. समोरच्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या वाडीच्या पऱ्याला पाणी कधीपर्यंत असतं?"

आमच्या पऱ्याला! ज्या ओहोळात मी लहानपणी खेकडे धरले, त्याबद्दल मला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी बोलत सुटले. शिमग्यापर्यंत तो वाहतो, मग डबकी उरतात, मग आई हंडा घेऊन वरच्या झऱ्याला जाते, तो झरा कातळाच्या कुठल्या फटीतून येतो, आधी तो जाड होता आणि वरच्या अंगाला चिरेखाण निघाल्यावर बारीक झाला. ती खाण म्हणजे बाबा जिथे काम करतात ती, हेही मी सांगून टाकलं. चाळीस मिनिटं गेली. गुरलीन नंतर म्हणाली, "तुला कळतं का, तू हात हलवून बोलत होतीस. वर्षभरात पहिल्यांदा."

चार दिवसांनी होकार आला. पगार लाँड्रीपेक्षाही कमी. मी तो मेल लाँड्रीत, चादरींच्या ढिगामागे उभी राहून वाचला आणि मला हसू आवरेना. मला जायचं होतं. इतकं साधं होतं ते. व्हिसाचे शेवटचे आठवडे मी भीतीत मोजत होते, ते आता उत्सुकतेने मोजायला लागले.

फक्त घरी सांगायचं होतं. आणि ते मला जमेना.

इथे वाडीची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे सगळं अर्जावर चालतं. लग्नाला मंडळाची भांडी हवीत तर अर्ज. बैठकीला घरातलं कुणी येणार नसेल तर गैरहजेरीचा अर्ज, नाहीतर दंड. माझं अक्षर चांगलं म्हणून सहावीपासून वाडीतले निम्मे अर्ज मीच लिहिलेत. रात्री भांडण झालेले दोन चुलतभाऊ सकाळी एकामागोमाग एक येऊन माझ्याकडूनच एकमेकांविरुद्ध अर्ज लिहून घ्यायचे. त्यामुळे तोंडाने सांगता येईना तेव्हा मी जे येतं तेच केलं. कागद घेतला, उजव्या कोपऱ्यात तारीख घातली आणि लिहिलं :

"मा. अध्यक्ष व सर्व सभासद यांस. विषय : परत येण्याबाबत. महोदय, विनंती अर्ज करते की, माझं शिक्षण पूर्ण झालं असून मला इथे नोकरी मिळालेली नाही. मी फोनवर सांगत आले त्याप्रमाणे ऑफिसात काम करत नसून हॉटेलच्या लाँड्रीत काम करते. चिपळूण येथे मला आवडीचं काम मिळालं आहे. आपण सर्वांनी मला भाषणं करून निरोप दिला होता, म्हणून आपल्याला कळवणं माझं कर्तव्य आहे. तरी परत येण्यास संमती मिळावी, ही नम्र विनंती."

फोटो काढून रमाकाकांना शनिवारी पाठवला. मला वाटलं, ते रात्री बाबांच्या कानावर घालतील आणि माझं काम परस्पर होईल. रमाकाकांना वाटलं, घरी माहीत असल्याशिवाय पोरगी मंडळाला कशी लिहील?

रविवारी बैठक होती. इंग्लंडातली सकाळ, वाडीतली दुपार. रमाकाकांनी मलाही फोनवर घेतलं आणि फोन विहारातल्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकून ठेवला. त्रिशरण-पंचशील झालं. विषय पहिला, मंडळाचं हरवलेलं पातेलं. त्यावर पस्तीस मिनिटं चर्चा. मी गादीवर कोट घालून बसले होते आणि समोर पंख्याखाली बसलेली ओळखीची डोकी बघत होते. बाबा खांबापाशी. मग रमाकाकांनी माझा अर्ज वाचला, नेहमीच्या एकसुरी आवाजात. "लाँड्रीत" हा शब्द आला तेव्हा बाबांनी मान वर केली. त्या क्षणी मला कळलं की ते हे पहिल्यांदा ऐकतायत.

फोन बंद करावा असं वाटलं. हात गेला नाही.

"अर्ज वाचून झाला," नाना म्हणाले. "कोनाला काय बोलायचं हाय?"

मग मागून कुणीतरी म्हणालं, "येवढी शिकून धुनंच धुवायचं, तर पऱ्यावर धुतलं असतं."

"व्हय काय?" शेवंती आत्या बसल्या जागेवरून वळली. "तुझा बापूस मुंबईसून परत आला तवा काय घेऊन आलावता? एक ट्रंक नि ट्रंकभर ढेकून. आमी तुमाला आपापल्या घरात झोपवलं तवा. इचार जा त्याला."

विहारात एकच हशा पिकला. नाना टेबलावर हात आपटत "शांतता, शांतता" म्हणत होते आणि स्वतःच हसत होते. रमाकाका म्हणाले, "अर्जात येन्याची तारीख नाय. तारखेशिवाय मंजूर कसा करायचा?"

तेव्हा बाबा उठले. बैठकीत मी त्यांना कधी बोलायला उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. ते माझ्याकडे, म्हणजे फोनकडे, बघत नव्हते.

"नाना," ते म्हणाले, "माझ्या पोरीला माझ्या घरात यायला मंडळाची मंजुरी लागत नाय. अर्ज परत करा."

आणि खाली बसले. मग रमाकाकांनी पेन काढलं. "मग वहीत लिवू काय?"

"लिव, पोर येतेय," आत्या म्हणाली. "नि घावने कोन घालनार त्ये पन लिव."

मी तिकडे हसत होते आणि रडत होते, आणि गुरलीन दारात उभी राहून विचारत होती की पास झाला का गं ठराव.

पण बाबांचा फोन आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आई म्हणाली, "जेवतायत. बोलत नायत." मी चादरींच्या घड्या घालत राहिले आणि दर वेळी खिशातला फोन चाचपत राहिले. मंडळ मला काय म्हणेल याची मला जी भीती होती, ती आता पोरकट वाटत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी, मी घरी असताना, फोन वाजला.

"रमाला आधी कळलं," बाबा म्हणाले. "मला मागसून."

"बाबा, मला लाज वाटली."

"लाँड्रीची?"

"नाही. खोटं बोलले त्याची."

मागे खाणीतलं मशीन बंद झाल्याचं ऐकू आलं. जेवणाची सुट्टी झाली असावी. मग त्यांनी विचारलं, "ऊब होती काय गो तिथं, लाँड्रीत?"

"हो. खूप."

"मग बरं झालं," ते म्हणाले. "तारीख कळव. स्टेशनवर येतो."

मला आता येऊन तीन महिने झाले. सगळं गोड झालंय असं मी लिहिणार नाही. वाडीत माझं नाव 'इंग्लंड' पडलंय. "काय गो इंग्लंड, मिळालं काय पानी?" असं रोज कुणीतरी विचारतं. पगार पुरवून वापरावा लागतो. गुरलीन तिकडे आहे, आता तिला बरी नोकरी लागलीय, आणि तिचे फोटो मी कधी कधी जरा जास्तच वेळ बघत बसते. पण सकाळी पाठीला सॅक लावून सड्यावर चढताना मी जवळजवळ पळते. बादली, घड्याळ आणि वही, एवढ्यावर झरा मोजता येतो. गेल्या रविवारी बाबा माझ्याबरोबर आमच्या वरच्या झऱ्यावर आले. खाणीत इतकी वर्षं दगड कापल्यामुळे कातळाची फट कुठून कुठे जाते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ते काठीने दाखवत गेले, मी नकाशावर रेघ ओढत गेले. मधेच म्हणाले, "तुझ्या पुस्तकात हे नाय काय?" मी म्हटलं, "नाही." ते इतके खूश झाले की पुढची रेघ त्यांनी दोनदा दाखवली.

आज एका वरच्या गावात काम लांबलं. गावातल्या बायका तिसरा झरा दाखवल्याशिवाय सोडेनात, आणि मलाही तो बघायचाच होता. शेवटची एसटी चुकणार हे दिसलं तेव्हा घरी फोन केला. उशीर का होणार, कोण सोडायला येणार, सगळी कारणं मी मनात ओळीने लावून ठेवली होती.

"आये, मला उशीर होईल."

"बरं," आई म्हणाली. "भात गरम ठेवते."

आणि तिने फोन ठेवला. माझी कारणं तशीच राहिली. मी वही सॅकमध्ये टाकली आणि बायकांच्या मागून झऱ्याकडे उतरले.