डेपोवरचा बदली

रहाटणीत धम्मरत्न ओव्हाळला लोक दोन कारणांनी ओळखतात. तरुण पोरं ओळखतात ती 'दूरचा डेपो' या मालिकेचा कर्ता म्हणून. मोठी माणसं ओळखतात ती चाकणची पर्मनंट नोकरी सोडणारा शहाणा म्हणून. दुसऱ्या गटात माणसं जास्त आहेत आणि त्यांचा आवाजही मोठा आहे.

नोकरी काही साधीसुधी नव्हती. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत प्लॅनिंगचं टेबल, कोपऱ्यावर कंपनीची बस, दिवाळीला बोनस. कंपनीच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी तो एखादी नाटुकली लिहायचा, तिच्यात साहेबांची टोपी उडवायचा, आणि साहेबच सगळ्यांत जोरात हसायचे. त्यातली एक नाटुकली अंतराळात घडत होती. कुणीतरी ती मोबाइलवर टिपली, ती फिरत फिरत एका मराठी वाहिनीपर्यंत पोचली, आणि पुढच्या दिवाळीच्या आत धम्मरत्नने राजीनामा दिला. आई तानुबाईने जेवण टाकलं. बायको नेहा ताथवड्याच्या कॉलेजात शिकवते, ती म्हणाली, "माझा पगार चालू आहे तोवर तू लिही." वडील, भिवा, उठून गॅलरीत गेले.

त्यांच्यासाठी ही गोष्ट साधी नव्हती. भिवांची सगळी उमेदीची वर्षं 'कायम' या एका शब्दामागे गेली होती. खेड तालुक्यातलं गाव सोडून ते भोसरीत आले, भाड्याच्या खोलीत राहिले आणि एका मोठ्या कारखान्यात बदली म्हणून लागले. बदली म्हणजे काय, हे या भागात तेव्हा कुणाला सांगावं लागत नसे. कायम कामगार रजेवर गेला की त्याच्या जागेवर उभा राहतो तो बदली. सकाळी डबा घेऊन गेटवर जायचं, आज आत कोण कमी आहे ते विचारायचं. कुणी कमी असेल तर काम, नाहीतर डबा घरी आणून खायचा. आज भट्टीवर, उद्या क्रेनवर, परवा कँटीनमध्ये भांडी घासायला. सलग सात महिने भरत आले की कंपनी ब्रेक द्यायची, म्हणजे गडी हक्क सांगायला नको. आत त्यांना भिवा कुणी म्हणत नव्हतं. "ए बदली, इकडं ये," एवढंच. दर दिवाळीला सुपरवायझर मिठाईचा पुडा देताना म्हणायचा, "पुढच्या वर्षी करू तुला कायम." ते पुढचं वर्ष काही उगवलं नाही. शेवटी कंपनीने बदली कामगार घेणंच बंद केलं, आणि भिवांनी उरलेली वर्षं भोसरीच्या लहानसहान वर्कशॉपात काढली.

अशा माणसाच्या पोराने कायम नोकरीवर लाथ मारावी! बापाने आरडाओरडा केला असता तर धम्मरत्नला बरं वाटलं असतं. ते नुसते गॅलरीत बसून राहिले.

धम्मरत्नने मग काय करावं? त्याने बापालाच मालिकेत घातलं.

'दूरचा डेपो' म्हणजे शनीजवळचा एक मालाचा डेपो. पृथ्वीवरून येणारी यानं तिथे थांबतात, माल उतरवतात, पुढे जातात. डेपोवरची माणसं तीन पाळ्यांत राबतात, कँटीनच्या चहाला नावं ठेवतात आणि यंत्रमानवालासुद्धा "राव" म्हणतात. प्रत्येकाला नाव आहे, आडनाव आहे, गाव आहे. फक्त एकाला नाही. त्याला सगळे 'बदली' म्हणतात. ज्या दिवशी जो आजारी, त्याच्या जागी तो. एका भागात क्रेन चालवतो, दुसऱ्यात डॉक्टरच्या हाताखाली उभा असतो, तिसऱ्यात भात शिजवतो. लोकांना त्याने वेड लावलं. टपरीवर, बसमध्ये, कंपन्यांच्या कँटीनमध्ये बदलीचे संवाद ऐकू यायला लागले.

भिवा दर भाग पाहायचे. खुर्ची टीव्हीजवळ ओढून, हाताची घडी घालून. बरं म्हणायचे नाहीत, वाईट म्हणायचे नाहीत. पण नऊ वाजले की तानुबाईला दटावायचे, "भांडी मागनं वाजीव." एवढ्यावरही धम्मरत्न खूश होता.

मग शेवटचा भाग आला. डेपो बंद करायचा हुकूम येतो. शेवटचं यान निघतं, आणि त्यात जागा फक्त कायम नोकरांना असते. बदली सगळ्यांचं सामान चढवून देतो, यानाचं दार बाहेरून लावतो आणि डेपोत एकटा उभा राहतो. संपलं. अख्ख्या महाराष्ट्राने डोळे पुसले म्हणे. भिवांनी टीव्ही बंद केला, पोराकडे पाहिलं आणि विचारलं, "येवढंच?"

त्यानंतर कुणी मालिकेचा विषय काढला की ते उठून जायचे. धम्मरत्न आतून पार कासावीस झाला. त्याने मनाशी एक गोष्ट पक्की धरली: आपण चुकलो. बापाला आयुष्यभर कुणी नावाने हाक मारली नाही, आणि आपणही चारचौघांत त्यांना बिननावाचंच ठेवलं. माफी मागावी असं रोज मनात यायचं, पण बापाची माफी मागायची सवय आपल्याकडे कुणाला असते? चहा पुढे करायचा आणि गप्प बसायचं, हीच आपली रीत.

इकडे मालिकेच्या चाहत्यांनी इंटरनेटवर वेगळाच घोळ घातला होता. आयटीतल्या पोरांना बदली कामगार ठाऊकच नव्हता. त्यांनी शब्दाचा सरळ अर्थ लावला: बदली म्हणजे रूप बदलणारा! म्हणून तर तो आज क्रेनवाला, उद्या स्वयंपाकी. तो माणूस नाहीच. शनीच्या कुठल्यातरी चंद्रावरचा जीव आहे. शेवटच्या यानातही तो कुणाचं तरी रूप घेऊन आधीच बसलाय आणि डेपोत उभी राहिली ती नुसती त्याची कात. यावर लांबलचक लेख लिहिले गेले, चित्रं काढली गेली, भांडणं झाली.

वाहिनीवर मालिकेचं काम पाहणाऱ्या स्नेहलला ही कल्पना भयंकर आवडली. तिने धम्मरत्नला सांगितलं, "सर, दुसरा सीझन यावरच करू. यानातला कोण खरा बदली? लोक वेडे होतील. रविवारी तुम्ही चाहत्यांशी लाइव्ह बोलणार आहात ना, त्यात फक्त एक इशारा द्या. हो म्हणू नका, नाही म्हणू नका. नुसतं हसा."

खरं सांगायचं तर कल्पना झकास होती, आणि धम्मरत्नलाही मोह पडला होता. दुसरा सीझन मिळाला तर नोकरी सोडल्याचे टोमणे बंद होणार होते. पण इशारा द्यायचा म्हणजे बापाचं नाव तर नाहीच, माणूसपणही काढून घ्यायचं. त्याने स्नेहलला "बघू" म्हटलं. "बघू" म्हणजे काय, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

रविवारी सकाळी रहाटणीच्या फ्लॅटमध्येच लाइव्ह ठेवलं. हॉलमध्ये सोफ्यासमोर फोन उभा केला. नेहाने मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून ठेवलं. स्नेहल लॅपटॉप घेऊन शेजारी बसली. लोकांचे प्रश्न ती वाचणार, धम्मरत्न उत्तरं देणार. तानुबाई स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत बसली होती. भिवा नेहमीप्रमाणे गॅलरीत, पाठ करून.

सुरुवात मजेत झाली. डेपोत गुरुत्वाकर्षण कुठून आलं, असं एकाने विचारलं. धम्मरत्न म्हणाला, "बजेटमधून. माणसं तरंगती दाखवायला आमच्याकडे पैसे नव्हते." चाकणहून ज्योतीराम नावाच्या एकाने विचारलं, शनीजवळ ओव्हरटाइम डबल मिळतो का? "मागितला तर चंद्रावर बदली करतात," धम्मरत्न म्हणाला, आणि हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. एका बाईंना कँटीनमधल्या पिठल्याची कृती हवी होती. दारातून तानुबाईने ती सांगायला सुरुवातही केली.

मग तो प्रश्न यायला लागला, एकामागून एक. बदली माणूस आहे की नाही? सर, फक्त हो किंवा नाही. स्नेहलने भुवया उंचावल्या. हीच वेळ होती. धम्मरत्नने पाण्याचा घोट घेतला. हसावं की बोलावं, ते ठरेना.

एवढ्यात स्नेहल खुदकन हसली. "अरे, सर, हा बघा. तानुबाई ओव्हाळ विचारतायत: 'साहेब त्या बदलीला कायम कवा करनार.' तुमच्या आई ना या?"

सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तानुबाईचे दोन्ही हात लसणाच्या पाकळ्यांत होते.

"मी न्हाई, बाई," ती म्हणाली. "माझा फोन ह्यांनी नेलाय मगाशी." आणि तिने मानेनेच गॅलरीकडे खूण केली.

भिवांची पाठ तशीच होती, पण मान खाली झुकली होती. फोन तोंडाजवळ धरून ते हळू आवाजात काहीतरी बोलत होते. फोनशी बोललं की तो आपोआप लिहितो, हे नेहाने त्यांना शिकवलं होतं.

धम्मरत्नच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके दिवस तो नावावर अडून बसला होता. बापाला नावाचा राग नव्हताच. त्यांनी सगळी मालिका एकाच आशेवर पाहिली होती: आज करतील कायम, या भागात करतील, पुढच्या भागात करतील. पोराच्या हातात सगळं होतं. शनी त्याचा, डेपो त्याचा, हुकूम काढणारे साहेबही त्यानेच केलेले. आणि त्या पोरानेही शेवटच्या यानात बापाला जागा दिली नव्हती.

"करू की," तो घाईघाईने म्हणाला. "पुढच्या सीझनला नक्की करू."

बोलून झालं आणि त्याचे कान तापले. बापाने हेच वाक्य किती दिवाळ्या ऐकलं होतं, तेही मिठाईच्या पुड्यासकट.

लगेच पुढचा प्रश्न आला. या वेळी स्नेहलने तो जरा हळू वाचला. "तानुबाई ओव्हाळ. 'तोंडी नको साहेब. लेखी द्या.'"

बघणाऱ्यांची हसून पुरेवाट झाली. आजी एक नंबर, आजींना युनियनमध्ये घ्या, असं लोक लिहीत सुटले. बाप आपल्याला साहेब म्हणतोय हे धम्मरत्नला मात्र सहन होईना. त्याने लॅपटॉप स्वतःपुढे ओढला.

हुकूम कसा लिहायचा हे त्याला पाठ होतं. चाकणला असे किती तरी कागद त्याच्या टेबलावरून गेले होते. 'श्री.' एवढं लिहून तो थांबला. नावाशिवाय हुकूम निघत नाही. बदलीला कायम करायचं म्हणजे आधी तो कोण, हे लिहावं लागतं. मालिकेत जे त्याला कधी सुचलं नाही, ते एका साध्या सरकारी वाक्याने त्याच्याकडून करून घेतलं. त्याने लिहिलं:

'श्री. भिवा गेनू ओव्हाळ, बदली कामगार, दूरचा डेपो, यांना आजपासून सेवेत कायम करण्यात येत आहे.'

स्नेहल खांद्यावरून वाचत होती. फोनला ऐकू जाऊ नये म्हणून ती कुजबुजली, "सर, हे टाकू नका. गेनूचा मुलगा म्हटल्यावर तो चंद्रावरचा कसा असेल? सगळी थिअरीच कोसळली. सीझनचं मी वर काय सांगू?"

"तो भोसरीचा आहे, असं सांग," धम्मरत्न म्हणाला, आणि त्याने ते लाइव्हवर पाठवून दिलं.

काही क्षण पडद्यावर नुसते प्रश्न धावत राहिले. भिवा कोण? ओव्हाळ म्हणजे? सर, हे तुमचे कोण? एकाने मोठ्या अक्षरांत लिहिलं की सगळ्या थिअरीची वाट लागली. मग ज्योतीरामचं उत्तर आलं. त्याचे वडीलही पिंपरीत बदली होते, आणि हा शब्द त्या पोरांना त्याने चार ओळींत नीट समजावून सांगितला. त्याखाली आणखी कुणाकुणाच्या वडिलांची नावं यायला लागली. स्नेहल ती वाचायची थांबली आणि नुसती बघत राहिली.

गॅलरीचं दार वाजलं. भिवा फोन हातभर लांब धरून आत आले. ते थेट लाइव्हच्या फोनसमोर येऊन उभे राहिले. आपण सगळ्यांना दिसतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"वाचलं का, दादा?" धम्मरत्नने विचारलं.

"वाचलं. दोन येळा." त्यांनी पुन्हा एकदा हातातल्या फोनकडे पाहिलं. "कायम झाल्याव भरपगारी रजा असती न्हवं?"

"असते की."

"मंग उद्या मी रजा टाकतो," भिवा म्हणाले आणि हसले. तोंडातल्या उरलेल्या सगळ्या दातांनिशी, मनापासून. तानुबाईने पदर डोळ्यांना लावला; लसूण झोंबला म्हणाली. धम्मरत्न उठून त्यांच्याजवळ गेला. बापाला मिठी मारायची सवय नव्हती, म्हणून त्याने त्यांचा हात धरला.

भिवांनी हात सोडवला नाही. पण चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं आणि कामाची काळजी आली.

"पर मी रजंव गेल्याव," ते म्हणाले, "माझ्या जागंला बदली कोन येनार? त्याचं नाव ईचारून घे आधी."